बगळ्याच्या मफलरचा रंग

“सापडला!” भाची चपला काढायच्या आधीच ओरडली. “आत्या, तुझा बगळा सापडला!”

आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. समोर बसलेल्या वहिनीचे हात मात्र थांबले नाहीत.

“हळू बोल,” वहिनी म्हणाली. “छत्तीस वर्षांनी सापडलाय, दचकून पुन्हा उडायचा.”

“आई, थट्टा नको. एका बस ड्रायव्हरकडे कॅसेट आहे. त्याच्या वडिलांनी तेव्हा टीव्हीवरून उतरवून घेतलेली.”

“अख्खा?” आत्याने विचारलं.

“अख्खा नाही. पण शेवट आहे म्हणाला. शेवट नक्की आहे.”

आत्याने शेंग सालासकट दाण्यांच्या भांड्यात टाकली. वहिनीने ती उचलून बाजूला काढली आणि नणंदेकडे नीट पाहिलं. हवी ती गोष्ट सापडल्यावर माणसाचा चेहरा फुलतो. हिचा पडला होता.

आत्याला सगळा रस्ता ‘रिळवाली’ म्हणून ओळखायचा. कोपऱ्यावरच्या शिवणसामानाच्या दुकानात तिने सत्तावीस वर्षं काढली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येई, आत्या तो दारापाशी उजेडात धरी, आणि मग मागे वळूनही न बघता हात वर करून फळीवरचं नेमकं रीळ काढी. तो दोरा कापडावर ठेवला की दिसेनासा व्हायचा. एकदा एका शिंप्याने तिची फिरकी घ्यायची म्हणून काळ्या कापडाचे सहा तुकडे आणले. आत्याने ते दारात नेले, खालीवर केले आणि म्हणाली, “चार काळे. हा निळा, काळ्याचं सोंग घेऊन आलाय. आणि हा कुठला ते तुम्ही धुऊन आणलात की सांगते.” त्या दिवसापासून शिंपी तिला मॅडम म्हणू लागला.

पण रिळांच्या आधी आत्या बगळे रंगवायची, हे रस्त्याला ठाऊक नव्हतं. घरातही त्या विषयावर ती दोन वाक्यांच्या पुढे जात नसे.

एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर कार्टूनं काढणारा छोटा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत चित्रकार. मधल्या लांबट खोलीत खिडकीशी ओळीने अकरा बायका, हातात पांढरे सुती मोजे, त्यांचा अंगठा आणि पहिली दोन बोटं कापलेली. पारदर्शक कागदावर पुढच्या बाजूने रेघा ओढलेल्या येत. बायका तो उलटा करून मागच्या बाजूने रंग भरत, म्हणजे रेघ झाकली जात नसे. एका सेकंदासाठी असे बारा कागद. बगळ्याने नुसती मान वळवली तरी दीड दिवस जाई. “मेला बघतोय कुणाकडे एवढा!” असं म्हणत अकराही जणी हसायच्या.

मागच्या खोलीत कॅमेरा. तिथे ‘फोकस’ बसायचा. काळाकभिन्न, सहा फुटी, एक डोळा कायम अर्धा मिटलेला. तो कुणाशी बोलत नसे. कामाच्या वेळी दारावर लाल दिवा लागे. तो लागला की मालकसुद्धा आत जात नसत. बायका म्हणत, फोकसला बायको मिळाली तर तिलाही आधी दिव्याकडे बघून घरात यावं लागेल.

आणि ह्या सगळ्यांनी मिळून दहा महिन्यांत ‘बगळा कंडक्टर’ केला. पंचवीस मिनिटांचा कार्टूनपट, टीव्हीवर एका रविवारी दुपारी लागणार होता. रिकाम्या बसमधला म्हातारा बगळा, गळ्यात नारिंगी मफलर. रोज तो मोठ्याने थांब्यांची नावं घेतो, रोज कुणीच चढत नाही. शेवटी एका थांब्यावर गारठलेला बेडूक दिसतो. बगळा बसमधून खाली उतरतो, स्वतःचा मफलर काढतो आणि त्याच्या गळ्यात गुंडाळतो. बस्स, एवढंच. मफलर आत्याकडे होता. दहा महिने फक्त मफलर.

आता आत्याच्या पोटात छत्तीस वर्षं रुतून बसलेली गोष्ट.

कॅमेऱ्याखाली हे पारदर्शक कागद एकावर एक रचतात. तळाला रस्ता, त्यावर बगळा, त्यावर बसची खिडकी, त्यावर बसचा पत्रा. कागद काचेसारखा दिसला तरी थोडा पिवळट असतोच. वर दोन कागद आले की खालचा रंग मंद होतो. म्हणून एकाच नारिंगीच्या तीन बाटल्या असत: ‘वरचा’, ‘मधला’ आणि ‘तळचा’. तळचा नारिंगी मुद्दाम भडक कालवलेला. वर दोन कागद ठेवले की तो शहाण्यासारखा नारिंगी दिसायचा; उघडा पाहिला तर डोळ्यांत घुसायचा. बगळा सगळा वेळ बसच्या खिडकीमागे, म्हणून आत्याच्या हाताला तळच्या बाटलीची सवय. शेवटच्या प्रसंगात मात्र बगळा खाली उतरतो. त्याच्यावर ना खिडकी, ना काही. तिथे ‘वरचा’ हवा होता.

बगळा बसमधून उतरला, हे आत्याच्या हाताला कळलंच नाही. दोनशे चौदा कागद तिने तळच्या नारिंगीने रंगवले.

दोन दिवसांनी बाटल्या धुताना तिच्या लक्षात आलं, ‘वरचा’ लिहिलेली बाटली जशीच्या तशी भरलेली आहे. ती धावत मागच्या खोलीकडे गेली. लाल दिवा लागलेला. ती उभी राहिली, अर्धा तास उभी राहिली आणि जागेवर परतली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवशी कळलं, चित्रण झालं, कागद धुवायला गेले. रंग पुसून तेच कागद पुन्हा वापरायची पद्धत होती. पुरावा पाण्यात गेला.

कुणी ओरडलं नाही. कुणी शाबासकीही दिली नाही. रंगवणाऱ्या बायकांना पडद्यावर काम दाखवायची रीतच नव्हती. रविवारी दुपारी सगळं घर टीव्हीसमोर बसलं. पण घरचा टीव्ही काळा-पांढरा. मफलर करडा आला, करडा गेला. भाऊ म्हणाला, “वा! छान रंगवलंस गं!” आत्या उठून पाणी प्यायला गेली.

आठ महिन्यांत स्टुडिओला कुलूप लागलं. का, ते मालकांनी सांगितलं नाही. आत्याने मनाशी धरलं: पुढचं काम आलं नाही, कारण शेवटच्या प्रसंगात बगळ्याच्या गळ्याला आग लागलेली साऱ्या जगाने पाहिली, एका तिच्याशिवाय. कुणी म्हटलंही असतं, बये, एका मफलरने स्टुडिओ बंद पडत नाहीत. पण म्हणायला आधी कुणाला सांगायला तर हवं!

भाची तेव्हा दोन वर्षांची. मोठी झाल्यावर तिला मोबाइलवर एक गट सापडला. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या आणि पुन्हा कधीच न दिसलेल्या गोष्टींची आठवण काढत बसणारी चाळिशी-पन्नाशीची माणसं. ‘बगळा कंडक्टर’वर तिथे रणधुमाळी. एक म्हणे तो करकोचा होता. एक म्हणे बेडूक शेवटी गातो. दुसरा म्हणे, बेडूक गात नाही, तुम्ही तापात पाहिला असेल. भाची ते आत्याला वाचून दाखवायची.

“आणि बघ, एका बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. शेवटची ती पिवळी संध्याकाळ. एकीने लिहिलंय, तसा उजेड पुन्हा कुठे पाहिला नाही.”

“संध्याकाळ कुठली?” आत्या म्हणायची. “दुपार होती. रस्ता रंगवणारी माझ्या शेजारी बसायची. लख्ख दुपार.”

“सगळे संध्याकाळच म्हणतात.”

“सगळ्यांना चाळिशी लागलीय.” आणि मग सहज विचारल्यासारखं, “मफलरबद्दल काही लिहिलंय का गं?”

मफलरबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. आत्याला त्यात दिलासाही वाटायचा आणि संशयही यायचा.

तो ड्रायव्हर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला हजर झाला. पन्नाशीचा गोल माणूस. छातीशी धरलेला व्हिडिओ प्लेअर, त्याच्यावर टॉवेल, टॉवेलात कॅसेट.

“कॅसेट हातातून देणार नाही,” दारातच त्याने बजावलं. “राग मानू नका. वडिलांची आठवण आहे.”

“अहो, आत तर या,” भाची म्हणाली.

“ह्याच का त्या मावशी?” त्याने कॅसेट काखेत धरून प्लेअर वहिनीच्या हातात दिला आणि वाकून आत्याला नमस्कार केला. “मावशी, मी ड्रायव्हर झालो तो तुमच्या बगळ्यामुळे.”

“बगळा कंडक्टर होता,” आत्या म्हणाली.

“हो, पण कंडक्टरची भरती निघाली नाही ना.”

वहिनीला हसू आवरेना. प्लेअर टेबलावर ठेवत ती म्हणाली, “बसा. वन्संना माझ्याशिवाय कुणी उत्तर देत नाही, आज बरं वाटलं.”

ड्रायव्हर बसला खरा, पण अवघडून. शेवटी म्हणाला, “एक सांगायचं राहिलं. माझे वडील फार टापटिपीचे. कॅसेटवर जाहिराती नकोत म्हणून रिमोट घेऊन बसायचे. जाहिरात आली की थांबवायचं, संपली की सुरू करायचं. तर त्या दिवशी सुरुवातीलाच एकदा बटण जादा दाबलं गेलं. मग सगळं उलटं झालं. सिनेमा लागला की यांनी बंद केलं, जाहिरात आली की चालू. चांगली चौदा मिनिटं!”

“म्हणजे कॅसेटवर...” भाचीचा चेहरा उतरला.

“पहिल्या भागात निव्वळ जाहिराती. आई ओरडली तेव्हा ध्यानात आलं. त्यानंतरचा सिनेमा मात्र अख्खा आहे हां, शेवटच्या नावांपर्यंत. त्या जाहिराती मी पळवतो पुढे. मलाच लाज वाटते.”

“पळवू नका!” आत्या जवळजवळ ओरडली. सगळे तिच्याकडे बघू लागले. “मला जाहिराती हव्यात. आधी त्याच लावा.”

पहिली जाहिरात साबणाची. दुसरी कसल्याशा पंख्याची. तिसरी दंतमंजनाची आली आणि आत्या म्हणाली, “थांबवा.” ती उठली, कपाटातून बटणांचा जुना डबा घेऊन आली. तोच डबा, दंतमंजनाचा, निळा, हिरव्या झाकणाचा. तिने तो पडद्याला लावून धरला. पडद्यावरचा निळा जांभळ्याकडे झुकलेला होता.

“ह्या टीव्हीचा रंग कुठून बदलतात?”

भाचीने रिमोट घेतला. आत्याने डावा डोळा तळहाताने झाकला. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता, डाव्याचा बाकी होता. डाव्याने जग चहासारखं दिसे, म्हणून रंगाच्या बाबतीत त्याची साक्ष ती मानत नसे.

“लाल कमी कर. अजून. आता फार झालं, परत ये. हं. आता झाकण बघ, हिरवा लागला. थोडा उजेड वाढव. बास!”

डबा आणि पडद्यावरचा डबा जुळे भाऊ दिसू लागले. ड्रायव्हर थक्क होऊन बघत होता.

“मावशी, जन्मभर बाबांना शिव्या खाव्या लागल्या ह्या जाहिरातींवरून.”

“आईंना सांगा, म्हणावं उपयोगी पडल्या,” आत्या म्हणाली. आता पडदा खरं बोलणार होता. आता सबब उरली नव्हती.

“सोडू पुढे?” ड्रायव्हरने विचारलं.

“सोडा.”

बगळा आला. कॅसेट जुनी, पडद्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या रेघांचा गोंधळ, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण आला! खिडकीमागे बसलेला, मान ताठ, गळ्यात नारिंगी मफलर, शहाण्यासारखा नारिंगी. ड्रायव्हर प्रत्येक वाक्य बगळ्याच्या अर्धा शब्द आधी बोलत होता. भाचीने त्याला चूप करायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनी थट्टा विसरून पुढे सरकून बसली होती.

थांबा आला. बेडूक थरथरत होता. बसचं दार उघडलं. आत्याने पदराचं टोक मुठीत धरलं.

बगळा खाली उतरला.

मफलर नारिंगी होता. भडक नव्हता, पेटलेला नव्हता. खिडकीमागे होता तसाच, तसूभरही फरक नाही.

“हे कसं?” आत्या पुटपुटली.

“काय कसं?” भाची म्हणाली. “बघ ना, ही ती संध्याकाळ!”

खरंच, संध्याकाळ होती. रस्ता पिवळट, थांब्याचा खांब पिवळट, पांढराशुभ्र बगळा सायीच्या रंगाचा. शेजारणीने लख्ख दुपार रंगवली होती, आत्याने डोळ्यांनी पाहिली होती. आणि आता पडद्यावर उन्हं कलली होती.

“मागे घ्या,” ती म्हणाली. “बगळा उतरतो तिथून.”

ड्रायव्हरने मागे घेतलं. बगळा पुन्हा उतरला, चालत बेडकाकडे गेला. आत्या उठून टीव्हीच्या इतकी जवळ गेली की वहिनी म्हणाली, “वन्सं, आत शिरता का आता?”

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा आत्याने बोट ठेवलं. पडद्याच्या मध्यावर एक बारीकसा काळा केस, पापणीएवढा. बगळा त्याच्याखालून चालत गेला. बगळा हलला, मफलर हलला, केस हलला नाही.

“कॅसेट खराब झालीय तिथे,” ड्रायव्हर ओशाळून म्हणाला.

“कॅसेट खराब नाही. ती धूळ आहे. आणि ती बगळ्याच्या वर आहे.” आत्या वळली. तिचा चेहरा बघून भाचीने टीव्हीचा आवाज बंद केला. “त्याच्या वर काही नसायला हवं होतं. ह्या प्रसंगात बगळ्याच्या वर काहीच नव्हतं. त्यानं ठेवले. दोन कोरे कागद त्यानं वरून ठेवले आणि सगळा प्रसंग त्यांच्याखाली काढला. म्हणून मफलर बरोबर आला. म्हणून बाकी सगळं पिवळं झालं.”

“कुणी ठेवले? आत्या, काय बोलतेयस?”

मग आत्याने सांगितलं. बाटल्या, तळचा नारिंगी, दोनशे चौदा कागद, लाल दिवा, करडा मफलर. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, उभ्या-उभ्याच, टीव्हीला पाठ लावून. फोकसचा अर्धा मिटलेला डोळा तिने तसा मिटून दाखवला. त्याने पहिला कागद कॅमेऱ्याखाली ठेवला असेल, भडका पाहिला असेल. दार उघडून मालकांना हाक मारायची, एवढंच करायचं होतं. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. त्याने कपाटातून दोन कोरे कागद काढले.

मग वहिनी म्हणाली, “आणि हे एवढं पोटात ठेवून माझ्याबरोबर रोज भाजी निवडत होतात?”

“काय सांगणार? मफलर चुकला म्हणून?”

“सांगायचं होतंत. मी म्हटलं असतं, जाऊ द्या, माझी तर दर वर्षी मिरचीची फोडणी चुकते.”

“ती रोज चुकते, वहिनी.”

ड्रायव्हर मात्र पडद्याकडेच बघत होता. “म्हणजे ती संध्याकाळ नव्हती?” त्याने हळूच विचारलं. त्याच्या आवाजात लहान मुलाची धास्ती होती. “मला ती संध्याकाळ सगळ्यात आवडायची, मावशी. शेवटच्या फेरीला माझ्या काचेतून तसा उजेड आला ना, की अजून बगळाच आठवतो.”

“होती ना. संध्याकाळच होती,” आत्या म्हणाली. “फोकसनं केली.”

मग ती एकदम खुर्चीत बसली. “त्याचं नाव काय होतं गं?”

“मला काय माहीत? तू आठ वर्षं काम केलंस त्याच्याबरोबर.”

“फोकस म्हणायचो सगळे. कुणी विचारलंच नाही.” ती ड्रायव्हरकडे वळली. “शेवटची नावं आहेत म्हणालात ना?”

नावं भराभर वर सरकत होती. ड्रायव्हर रिमोट दोन्ही हातांनी धरून बटण दाबत, सोडत होता. रंगकामाच्या ओळीत नाव नव्हतंच, नुसतं ‘भगिनीवर्ग’. वहिनी म्हणाली, “घ्या! दहा महिने मफलर, आणि वर्गात बसवलं.” आत्याचं तिकडे लक्षही नव्हतं. त्याखालची ओळ कॅमेऱ्याची. चित्र थांबलं, थरथरलं, आणि पांढऱ्या रेघांतून एक नाव वर आलं. चांगलं लांबलचक, वडिलांच्या नावासकट, भारदस्त.

आत्याने ते ओठ हलवत दोनदा वाचलं. “अगंबाई! हा तर कुणी प्राध्यापक वाटतो.”

“लिहून घेऊ?” भाचीने मोबाइल काढला. “गटात टाकते. कुणाला ना कुणाला ओळखीचं असेल. पण आत्या, तेव्हा ते चाळिशीचे असतील तर आता...”

“असेल किंवा नसेल. पोरं असतील, घर असेल. कुणीतरी दार उघडेल.”

“आणि काय सांगायचं?”

आत्याने विचार केला. ड्रायव्हर कॅसेट काढता काढता थांबून तिच्याकडे बघत होता.

“सांगायचं, मफलरवाली आली होती. म्हणावं, तुमची धूळ दिसली.” मग ती उठली आणि पायात चपला घालू लागली.

“आत्ता? अगं, पत्ता तर मिळू दे!”

“मिळेल तेव्हा मिळेल. त्या छापखान्यापासून सुरुवात करू. हे येतील आपल्याबरोबर, रस्ते पाठ आहेत त्यांना.” ती ड्रायव्हरकडे वळली. “येता ना?”

ड्रायव्हरने प्लेअरवर टॉवेल टाकला आणि उठला.